दहाव्या माणसाची वाट

प्रिय रिव्का,

शालोम.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, यंदा मी दारफाळणीला, आपल्या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, येत नाही. देव आहे असं मला वाटतच नाही. मग उपास धरून, पांढरे कपडे घालून दिवसभर सिनेगॉगमध्ये उभं राहणं खोटेपणाचं होईल." मी काही न बोलता फोन मम्मीकडे दिला. तुला वाटलं असेल मी रागावलो. तसं नाही. मला उत्तर सुचायला वेळ लागतो, आणि हे उत्तर फोनवर सांगण्याजोगं नव्हतं.

तुला कधी न सांगितलेली एक गोष्ट आधी सांगतो. आजी गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. शेवटचे तीन आठवडे तिने फार सोसलं. जन्मभर रात्री निजताना "शेमा इस्राएल" ही प्रार्थना म्हणणारी बाई, तिचे असे हाल का व्हावेत, हे मला कुणी समजावून सांगू शकलं नाही. मला प्रार्थनेची चीड आली होती. तरी गेलेल्या आईबापासाठी अकरा महिने कद्दिश ही प्रार्थना म्हणायची असते, म्हणून ऑफिस सुटलं की ठाण्याला उतरून मी सरळ सिनेगॉग गाठायचो.

जुलैतली एक संध्याकाळ होती. पाऊस असा की गाड्या रखडलेल्या. आम्ही नऊजण जमलो. दहा असल्याशिवाय कद्दिश होत नाही हे तुला ठाऊक आहे. प्रार्थना चालवणारे हज्जान दोनदा घड्याळाकडे बघून परत पुस्तकात डोकं घालत होते. कुणीतरी मागच्या आळीतल्या काकांना फोन लावला. हे काका देव मानत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, ते स्वतःच सांगायचे. पंधरा मिनिटांनी ते आले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. छत्री दाराशी टेकवली, चौकटीवरच्या मेझुझाच्या पवित्र डबीला हात लावून बोटं ओठांना लावली, सवयीनेच. मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, "माझं देवाशी जमत नाही रे. पण तुझ्या आईच्या हातचा मलिदा मी खाल्लाय." आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

कद्दिशमध्ये मरणाचा एक शब्द नाही. सगळी देवाची थोरवी, तीही अरामी भाषेत, आणि मधे मधे बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. ते आमेन म्हणायला माणसं नसली तर कद्दिश म्हणताच येत नाही. त्या दिवशी देव ऐकत होता का, मला तेव्हाही कळलं नाही, आजही सांगता येणार नाही. नऊ जणांचं आमेन मात्र मी कानांनी ऐकलं, आणि त्यात एक आवाज देव न मानणाऱ्याचा होता.

म्हणून "मानत नाही, म्हणून येत नाही" हे तुझं वाक्य मला कोड्यात टाकतं. दारात उभं राहून तुझा विश्वास कुणी कधी तपासलाय का? आपल्याकडे आधी करणं आहे, मग मानणं. देवाबद्दल काय मानायचं यावर तर आपल्या लोकांनी दोन हजार वर्षं कडाक्याचे वाद घातलेत. बाराव्या शतकातला रंबाम, म्हणजे मैमोनिदेस, पेशाने वैद्य आणि धर्मशास्त्रातला केवढा मोठा अधिकारी! तो म्हणायचा की देव असा असा आहे असं बोलूच नका, तो कसा नाही एवढंच माणसाला बोलता येतं. तुझ्या कॉलेजच्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात "नेति नेति" होतं, ते वाचून दाखवताना तू किती खूश होतीस. ज्या देवाला तू नाही म्हणतेस, आकाशात बसून हिशेब ठेवणारा म्हातारा, त्याला रंबामनेही नाहीच म्हटलं असतं.

तालमुद या आपल्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथातली भट्टीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. एक मातीची भट्टी शुद्ध की अशुद्ध, यावर पंडितांचा वाद जुंपला. रब्बी एलिएझर एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे. एलिएझर म्हणाले, माझं खरं असेल तर हे झाड साक्ष देईल. झाड उपटून शंभर हात लांब जाऊन पडलं. बाकीचे म्हणाले, झाडावरून काही सिद्ध होत नाही. पाट उलटा वाहिला, तरी नाही. पाठशाळेच्या भिंती कलल्या, तरी नाही. शेवटी आकाशवाणी झाली की एलिएझरचंच बरोबर आहे. तेव्हा रब्बी येहोशुआ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "तोरा आता आकाशात नाही," म्हणजे धर्मग्रंथाचा अर्थ लावणं आता माणसांचं काम. आणि देव म्हणे हसला, म्हणाला, माझ्या लेकरांनी मला हरवलं.

इथपर्यंत गोष्ट सगळे सांगतात. पुढे जिंकलेल्यांनी एलिएझरना वाळीत टाकलं. १६५६ साली ॲमस्टरडॅममध्ये तेवीस वर्षांच्या ज्यू तत्त्वज्ञ स्पिनोझाचंही तेच झालं. वाद घालणं ही आपली ताकद, आणि वाद घालणाऱ्याला बाहेर काढणं हे आपलं पाप. माझ्या घरात ते होणार नाही.

तू आणखी एक बोललीस, ते मला लागलं. "तसंही मला त्या दहात मोजत नाहीत." खरं आहे. आपल्याकडे अजून पुरुषच मोजतात, आणि ते मला पटत नाही. कमिटीत मी हे बोललोय, पुढेही बोलेन. पण हा प्रश्न आज तुलाच पहिल्यांदा पडलेला नाही. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झालेल्या डॉ. जेरुशा झिराड लंडनहून नवे विचार घेऊन आल्या आणि १९२५ साली मुंबईत त्यांनी ज्युइश रिलिजस युनियन ही सुधारकांची संस्था उभी केली. आपल्याच बेने इस्राएलांतली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंतली बाई, शंभर वर्षांपूर्वी. तिने दार सोडून जाण्याऐवजी दुसरं दार उघडलं.

आणि "मग मी ज्यू कशाची?" हा प्रश्न तर आपल्याला दुसऱ्यांनीच विचारून झालाय. १९६०च्या सुमारास तिकडे इस्राएलमध्ये धर्मपीठाने आपल्या लोकांच्या लग्नांवर शंका घेतली, आई, आजी, पणजी कोण ते तपासा म्हणाले. आपली माणसं रस्त्यावर उतरली. शेवटी १९६४ साली तिथल्या संसदेने, क्नेसेटने, ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. आपल्या कोकणातल्या पूर्वजांकडे दाखवायला कागद कुठला? नवगावला जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, पोथ्या समुद्रात गेल्या, अशीच गोष्ट आपण ऐकत आलो. उरलं काय, तर शेमाची एक ओळ, बाळ जन्मलं तरी तीच, लग्नात तीच, मयतीला तीच. आणि शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद असलेला तेलाचा घाणा. गावाने "शनवार तेली" म्हटलं, तीच आपली ओळख झाली. त्यांना देवाबद्दल काय वाटायचं, कुणी लिहून ठेवलं नाही. घाणा बंद ठेवला, एवढं कळतं.

इस्राएल या नावाचा अर्थ तुला लहानपणी सांगितला होता, देवाशी झुंजलेला. आपला पूर्वज याकोब रात्रभर झुंजला, सकाळी लंगडत निघाला, पण नाव घेऊन निघाला. तू झुंजते आहेस. ते घरापासून लांब, एकटीने खोलीत बसून करू नकोस, एवढंच माझं मागणं आहे.

उपास धरायचा नसेल तर धरू नकोस, मी विचारणार नाही. प्रार्थना म्हणू नकोस. मागे बायकांच्या बाकावर मम्मीशेजारी बस. संध्याकाळी शोफारचं शिंग वाजल्यावर हातबोशी करायला म्हाताऱ्या बायका येतील, त्यांच्या हातात हात दे. त्या तुला तुझ्या आजीच्या नावाने हाक मारतात, यंदाही मारतील.

किद्दूशच्या आशीर्वादाला लागणाऱ्या शरबतासाठी काळ्या मनुका आणून ठेवल्यात. आम्हा दोघांना मूठभर पुरतात, तू आलीस तर पाव किलो भिजवतो. भिजल्यावर हाताने कुस्करून फडक्यातून गाळायचं काम तुझं, ते मम्मीला माझ्याकडून कधी पसंत पडलेलं नाही. कुठल्या गाडीने येतेस ते कळव, मी स्टेशनला येतो.

तुझा,
पप्पा