टेराहर्ट्झ किरण आरपार जात नाहीत

संपादक महोदय, स.न.

रविवारच्या अंकात टेराहर्ट्झ किरणांवर (मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेड यांच्या मधले किरण) छोटी बातमी वाचली, एक्सरेसारखे शरीराच्या आरपार जाणारे पण सुरक्षित किरण वगैरे. सुरक्षित हे ठीक, कारण एक्सरेसारखे ते अणूंतले इलेक्ट्रॉन उडवत नाहीत, पण आरपार हे साफ चूक आहे. मी इथेच इंदूरला कॉलेजात फिजिक्स शिकवते म्हणून राहवलं नाही.

1 टेराहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 1 लाख कोटी कंपनं, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना धरतात-सोडतात तेही साधारण याच वेगाने, म्हणून पाणी हे किरण अक्षरशः गिळून टाकतं, आपल्या त्वचेत ते मिलिमीटरभरही आत पोचत नाहीत. चरबी मात्र फार कमी शोषते. म्हणजे किरण टाकायचा, परत किती आला ते बघायचं, की वरच्या थरात पाणी किती याचा अंदाज येतो. 1995 साली अमेरिकेत बेल लॅबमधे हू आणि नस या शास्त्रज्ञांनी एका ताज्या पानाचं या किरणांनी चित्र घेतलं, 48 तासांनी त्याच पानाचं परत घेतलं, तर पान किती वाळलं ते त्यात सरळ दिसलं. नाहीतर पाणी मोजायची जुनी रीत म्हणजे नमुना तोला, ओव्हनमधे सुकवा, परत तोला, ते जिवंत माणसाला कसं करणार?

मागच्या दिवाळीत चकल्या तळताना आईच्या मनगटावर तेल उडालं. डॉक्टरांनी बोटाने दाबून बघितलं, पांढरं पडून परत लाल होतंय का, आणि म्हणाले जखम किती खोल आहे ते दोन-तीन दिवसांनी कळेल. ते दोन दिवस आम्ही कसे काढले आमचं आम्हाला माहीत. भाजलेल्या जागी पाणी साठून सूज येते, ते पाणी टेराहर्ट्झने मोजून खोली लवकर ओळखता येईल का, यावर बाहेर बरंच काम चाललंय, डोळ्याच्या कॉर्नियावर (पुढच्या पारदर्शक पडद्यावर) आणि मधुमेहींच्या तळपायांवरसुद्धा. सोपं नाहीये ते, त्वचा मशीनच्या काचेला नुसती टेकवून ठेवली तरी खाली ओल साठते आणि आकडा बदलत जातो.

आपल्या गावात कॅटसारखी (आताचं आरआरकॅट, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) लेझरची एवढी मोठी संस्था आहे, अशी बातमी छापण्याआधी तिथल्या कुणाला एक फोन करत जा. आणि या बातमीची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर द्या ही विनंती.

एक वाचक, रामबाग, इंदूर