नळीची बाटली आणि दोनशे किलोमीटर : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या सभेत तुम्ही म्हणालात, आता खान्देशातल्या पेशंटला उपचारासाठी बाहेर जावं लागत नाही. मी मागे उभा राहून ऐकत होतो. आदल्याच आठवड्यात भावाला नाशिकहून घरी आणलंय.

त्याला न्यूमोनिया झाला आणि छातीत पू साठला. ‘दादा, दम लागस’, एवढंच बोलायचा. सरकारी दवाखान्यातल्या जनरल सर्जननी रात्री दीड वाजता बरगड्यांमधून नळी टाकली. सकाळपर्यंत सव्वा लिटर पू निघाला. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. अपेंडिक्स, हर्निया, हायवेवरचे अपघात, सगळं तो एकच माणूस बघतो. पण तीन आठवड्यांनी सीटी स्कॅनमध्ये दिसलं की फुफ्फुसावर जाड साल धरलीय, ते फुलतच नाही. ती साल सोलून काढायला छातीचा सर्जन लागतो. तो इथे नाही. नाशिकला न्या, म्हणाले.

आमच्या तापीकाठच्या गावापासून नाशिक दोनशे किलोमीटरच्या वर. छातीतल्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलेलं. ती बाटली छातीच्या वर उचलायची नाही, नाहीतर पाणी उलटं आत जाईल, असं बजावलं होतं. धुळे, मालेगाव, चांदवड गेलं, मी बाटली पायांत धरून बसलेलो. श्वासागणिक तिच्यातलं पाणी वर-खाली व्हायचं. ते थांबलं तर काय, या भीतीने मी नजर हलवली नाही.

ऑपरेशन जनआरोग्य योजनेत झालं, मान्य. पण अँब्युलन्सचे साडेनऊ हजार, अठरा दिवसांचं आईचं-माझं राहणं-खाणं, बुडालेली मजुरी कोण देणार?

डॉक्टर यायला तयार नसतात, असं तुम्ही सांगाल. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएसची तीन, वर छातीच्या सर्जरीसाठी एमसीएचची तीन. एवढं शिकलेला माणूस भूलतज्ज्ञ, आयसीयू, हार्ट-लंग मशीन यांच्याशिवाय इथे येऊन करणार काय? फीत कापून इमारत उभी राहते, छाती उघडणारा हात येत नाही. हृदयाची झडप बदलायची असो की बायपास, आमच्यासारख्यांनी अनेकदा नाशिक किंवा सुरतच गाठायचं. सरकार कोणाचंही येवो, आमची केळी आणि कापूस मोजला जातो, आमचा श्वास कोणी मोजत नाही.

महिन्यातून दोन दिवस तरी छातीचा सर्जन जिल्ह्याला पाठवा आणि तारखा दवाखान्याच्या भिंतीवर लावा. भावाला पुढच्या सोमवारी पुन्हा एक्स-रे घेऊन नाशिकला बोलावलंय. कापसाची वेचणी सोडून आम्ही निघणार आहोत.

आपला,
तापीकाठचा एक शेतकरी