शिक्षक दिनाला चिक्की नको, दाण्याचा लाडू करा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पोळा आणि शिक्षक दिन आमच्या भागात दरवर्षी मागेपुढेच येतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरलेल्या पोरांच्या खिशात बोजाऱ्याचे पैसे खुळखुळत असतात आणि तालुक्याच्या बाजारात नेमके तेव्हाच प्लास्टिकचे गुलाब, चमकीचे पेन आणि नाव छापलेले कप मांडलेले असतात. ५ सप्टेंबरला हे सगळं शाळेच्या टेबलावर येऊन पडतं. एकेका मॅडमने इतक्या कपांचं करायचं काय? त्यात आता वर्गणी काढून केक आणायची टूम निघाली आहे. मोटारसायकलवर वीस किलोमीटर आलेल्या केकची क्रीम डब्याच्या झाकणाला लागलेली असते, आणि ज्याच्या घरून वर्गणी निघत नाही ते लेकरू त्या दिवशी शाळेतच येत नाही.

भेट घरीच करावी, हे बहुतेकांना पटतं. पण घरी करायचं म्हटलं की बहुतेक घरांत गुळाची चिक्की होते आणि शाळेत पोचेपर्यंत तिचा चिकट गोळा झालेला असतो. म्हणून हे पत्र. करणाऱ्याचा हात चुकलेला नसतो, हवामान चुकलेलं असतं. साखरेपेक्षा गूळ हवेतलं पाणी जास्त ओढतो. पाक कितीही कडक उतरला तरी सप्टेंबरच्या दमट हवेत चिक्कीला तासाभरात पाझर फुटतो. ती गरम असतानाच डब्यात भरली तर आतल्या वाफेनं आणखी लवकर. चिक्की, मुरमुऱ्याचे लाडू, तिळाच्या वड्या हे पाकाचे सगळे प्रकार जानेवारीचे आहेत. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला करा, संक्रांतीला करा; तेव्हा आपल्याकडची कोरडी थंडी त्यांना मानवते.

शिक्षक दिनाला बिनपाकाचा दाण्याचा लाडू करावा. त्यात पाणी नाही, पाक नाही, तूपही सहसा लागत नाही; दाण्याचंच तेल त्याला धरून ठेवतं. तीस मुलांच्या वर्गासाठी अर्धा किलो शेंगदाणे आणि ३०० ग्रॅम गूळ घ्यावा. लहान लिंबाएवढे बत्तीसेक लाडू होतात, म्हणजे गुरुजींना आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींनाही पुरतात.

दाणे आधी परातीत पसरून निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, बुरशीची पांढरी-हिरवी झाक असलेले दाणे थेट फेकून द्यायचे. 'भाजलं की जातं' असं म्हणून ठेवायचे नाहीत. त्या बुरशीचं विष भाजूनही पुरतं जात नाही आणि चवीला ते नेहमी कळतंच असंही नाही. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं, हात न थांबवता भाजा. आच मोठी ठेवली तर वरून काळे ठिपके पडतात आणि आत दाणा कच्चाच राहतो. असा लाडू कडवट लागतो आणि लवकर खवट होतो. एक दाणा गार करून दातांखाली धरा. कुरकुरीत तुटला की झालं. मऊ चावला गेला तर अजून दोन मिनिटं.

दाणे पूर्ण गार होऊ द्या, हातांनी चोळून सालं पाखडून टाका. इथेच घाई होते. कोमट दाणे मिक्सरमध्ये घातले की कूट न होता तेलकट लगदा होतो आणि लाडू वळले तरी बसतात. गार दाणे थांबत थांबत फिरवून रवाळ कूट करा. गूळ चाकूने चिरून घ्या, किसणीवर तो गोळा होऊन बसतो. पावसाळ्यात भेलीला ओल सुटलेली असेल तर चिरलेला गूळ आदल्या रात्री ताटात पसरून चुलीजवळ ठेवा. चिक्कीचा म्हणून मिळणारा चिकट गूळ या कामाला नको, साधा घ्या. कूट आणि गूळ एकत्र करून मिक्सरचे दोनतीन झटके द्या. मुठीत दाबल्यावर गोळा धरला आणि बोटांना किंचित तेल लागलं की थांबा. गोळा फुटत असेल तर पाण्याचा किंवा दुधाचा हात लावू नका, दोन दिवसांत बुरशी येते. आणखी एक झटका द्या, तेल सुटेल. तेवढ्यानंही भागलं नाही तर चमचाभर पातळ तूप. हात धुऊन कोरडे पुसूनच वळायला बसा. हे काम तिसरी-चौथीची मुलंही नीट करतात. शेगडीचं काम मात्र मोठ्यांनीच करावं. कोरड्या डब्यात हे लाडू आठवडाभर चांगले राहतात, त्यामुळे ३ तारखेला केले तरी चालतं.

अंगणवाडीत हे लाडू द्यायचे असतील तर कूट अगदी बारीक करा. पाच वर्षांखालच्या लेकरांच्या हातात अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊच नयेत. हसता-धावताना दाणा श्वासनळीत जातो. एखाद्या मुलाला शेंगदाणा बाधतो का, हेही वाटण्याआधी विचारून घ्यावं.

जानेवारीच्या चिक्कीचं थोडक्यात सांगतो. दाणे पाव किलो, गूळ पाव किलो, तूप एक चमचा. पाकाचा थेंब वाटीभर गार पाण्यात टाकायचा. बाहेर काढून मोडला तर 'कट' असा आवाज यायला हवा. वाकला किंवा दातांना चिकटला तर पाक कच्चा आहे. गूळ वितळला की आच कमीच ठेवायची, नाहीतर पाक जळून कडू होतो. मुरमुऱ्याच्या लाडवांना २०० ग्रॅम मुरमुरे आणि साडेतीनशे ग्रॅम गूळ लागतो, आणि पाण्यात टाकलेल्या थेंबाची घट्ट गोळी झाली की पाक झाला. मुरमुरे आधी कोरडेच भाजून कुरकुरीत करून घ्यावेत. मिश्रण गार झालं की वळलं जात नाही. तेव्हा जोर लावण्यापेक्षा गंज पुन्हा मंद आचेवर ठेवायचा.

आता शिक्षकांच्या भेटीचं. आपल्याकडचे निम्मे गुरुजी आणि मॅडम अप-डाऊन करतात. सकाळी साडेआठच्या एसटीसाठी निघालेल्या माणसाच्या डब्यात भाजी-पोळीच्या जोडीला काही असेलच असं नाही. अशा माणसाला जवसाच्या चटणीची बाटली कपापेक्षा नक्कीच उपयोगी पडते. शिवाय शिक्षक हा पगारी नोकर आहे, महागडी वस्तू त्याच्या हातात ठेवून त्याला अवघडवूही नये.

तीन लहान बाटल्यांसाठी जवस २०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, जिरं एक चमचा, लसणाच्या पंधरा पाकळ्या, तिखट तीन चमचे, मीठ दीड चमचा. जवस खोलगट कढईत भाजा. तो तडतडून बाहेर उडतो, त्यामुळे पसरट तव्यावर भाजलात तर निम्मा जवस ओट्यावर मिळेल. तडतड कमी झाली आणि खमंग वास आला की लगेच ताटात काढा, कारण कढईच्या उष्णतेत तो पुढेही भाजत राहतो आणि कडू होतो. कमी भाजला तर उलटं होतं: दळताना भांड्याला चिकटतो. तीळ आणि जिरं वेगवेगळं भाजा.

चटणी बिघडते ती लसणानं. घरी रोज खायची चटणी कच्च्या लसणाची चांगली लागते, पण बाटलीत भरायच्या चटणीत तो ओल आणतो. पाकळ्यांचे पातळ काप करून तव्यावर मंद आचेवर कडक होईपर्यंत सुकवा, इतके की बोटांनी चुरले जावेत. ते जमत नसेल तर लसूण सरळ गाळा. पावसाळ्यात मीठही ओलं असतं, तेही मिनिटभर तव्यावर परतून घ्या. तिखट मात्र गॅस बंद केल्यावर गरम तव्यावर नुसतं हलवायचं. आचेवर टाकलं तर घरभर ठसका उठतो. सगळं गार करून थांबत थांबत दळा. वीज गेली असेल तर खलबत्ता आहेच, आणि खरं सांगायचं तर त्यातली चटणी जास्त चांगली होते.

बाटल्या काचेच्या घ्या, जॅमच्या रिकाम्या चालतात. लोणच्याच्या शक्यतो नको, झाकणाच्या आतल्या रबराचा वास जात नाही. बाटली गार पाण्यात ठेवून मगच गॅस लावा. उकळत्या पाण्यात एकदम टाकली तर तडकते. उकळी आल्यावर दहा मिनिटांनी काढून पालथी ठेवा आणि एक पूर्ण दिवस वाळू द्या. तळाशी राहिलेल्या एका थेंबानं चटणी घट्ट गोळा होते. दळलेल्या जवसाचं तेल हवेनं लवकर खवट होतं, म्हणून मोठी बरणी भरण्याऐवजी लहान बाटल्या काठोकाठ भराव्यात. चिठ्ठीवर काय काय घातलं आहे, केल्याची तारीख आणि 'पंधरा दिवसांत संपवा' एवढं लिहा. चिठ्ठी खळीनं चिकटवू नका, झुरळं आणि मुंग्या येतात. दोऱ्यानं मानेला बांधा.

वर्गाला काही द्यायचं असेल तर आमच्या मते पहिला मान डस्टरचा. बाजारातलं डस्टर दिवाळीपर्यंत टिकत नाही, मग पोरं शर्टाच्या बाहीनं फळा पुसतात. डस्टरसाठी जुन्या जीन्सचा १४ बाय ९ सेंटीमीटरचा तुकडा घ्या. त्याच्या पाठीवर हात घालायचा चार सेंटीमीटर रुंद पट्टा सगळ्यात आधी शिवा. पट्टा शेवटी शिवायला जातात आणि तोवर कापड इतकं जाड झालेलं असतं की दाभणही निघत नाही. मग १४ सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर रुंद अशा आठ पट्ट्या कापा, लांबीत दुमडा आणि एकेक सेंटीमीटरवर ओळीनं शिवत जा. एका कडेनं सुरुवात करून दुसऱ्या कडेला संपवायचं. दोन्हीकडून आत आलात तर मधल्या ओळीत सुई शिरत नाही. पट्टी आडवी न पडता उभी राहिली पाहिजे, कारण खडूची भुकटी त्या उभ्या कडाच पकडतात. कांबळ्याच्या पट्ट्या असतील तर कापलेल्या कडा वर ठेवा. सुती लुगड्याच्या असतील तर घडी वर ठेवा, नाहीतर दशा सुटतात. नायलॉन किंवा पॉलिस्टरची साडी वापरू नका, ती भुकटी उचलत नाही, फळाभर पसरवते. पाचवीच्या पुढची मुलं-मुली दोन दुपारींत एक डस्टर शिवतात. मुलगेसुद्धा, हे मुद्दाम लिहितो.

शुभेच्छापत्रासाठी पिंपळाचं जाळीदार पान छान दिसतं, पण त्याला वेळ लागतो. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात पक्की, न किडलेली पानं बादलीत बुडवून वर दगड ठेवावा. तीनचार दिवसांनी पाणी बदलत गेलं की तीनचार आठवड्यांत हिरवा गर सुटतो. मग मऊ ब्रशनं पाण्याखाली हलक्या हातानं काढायचा आणि पान वर्तमानपत्राच्या घडीत वाळवायचं. वास येतो, बादली अंगणातच ठेवा. गर ओढून काढू नका, शिरा तुटतात.

खाऊ वाटायला थर्माकोलच्या वाट्या आणू नयेत, राज्यात २०१८ पासून त्यांना बंदी आहे. मिठाईच्या डब्याला गुंडाळायचा प्लास्टिकचा पातळ कागदही १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, तरी दुकानात मिळतोच. पळसाची पानं कुठल्याही शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) मिळतात. दोन्ही बाजूंनी धुऊन कोरडी पुसा आणि त्याच दिवशी द्रोण लावा. शिळ्या ओल्या पानावर डाग येतात. काडी टोचून लावलेले द्रोण पहिली-दुसरीच्या मुलांना देऊ नका, काडीचा तुकडा तोंडात जातो. त्यांच्यापुढे नुसतं पान ठेवलं तरी चालतं.

शाळेत परसबाग असेल तर घरच्या बियाण्याच्या पुड्या ही आणखी एक सोपी भेट. सप्टेंबरात पाऊस ओसरू लागला की मेथी, पालक, मुळा आणि सांभार (कोथिंबीर) लावता येतो. सांभाराचा अख्खा धना पेरला तर उगवण विरळ होते. पोळपाटावर लाटण्यानं हलकेच दाबून त्याचे दोन भाग करून द्यावेत, आणि पुडीवर तसं लिहावं.

मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. ऑगस्टच्या सुरुवातीलाच शाळेच्या फळ्यावर 'शिक्षक दिनाला विकतचं काही आणू नये, वर्गणी काढू नये' असं लिहून टाका. ४ सप्टेंबरला सांगितलं तर उपयोग नाही, तोवर कप घेऊन झालेले असतात.

आपले,
बचत गटातील काही महिला व पालक,
ता. चांदूर रेल्वे, जि. अमरावती