बाबा, जानेवारीच्या यूथ कॅम्पला तुम्ही यायचंच

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर बाबा विचारत होते की तुमचं ते चर्चमधल्या तरुण पोरांचं यूथ सारखं बाहेर कुठंतरी निघालेलं असतं, ती सहल असते का उपासना, आणि मी सांगायला लागले तेवढ्यात रेंज गेली, मग स्वयंपाक, मग यांना यायला उशीर, राहूनच गेलं ते. फोनवर नीट सांगता पण येणार नाही म्हणून लिहूनच पाठवतेय. शेजारच्या दादाला सांगून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या, मोबाईलवर डोळे ताणत बसू नका.

बाबा, सहल पण असते आणि उपासना पण असते, आणि आता मला तरी त्यातलं एक काढून दुसरं ठेवता येत नाही. पण आधी हॉलमधे काय चालायचं ते सांगते. रविवारची उपासना संपली की यूथ मीटिंग. समोर प्रोजेक्टर, दोघं गिटारवर, एक जण माइकवर, गाणं इंग्लिश नाहीतर हिंदी, आणि बाकी सगळी पोरं पाठीमागच्या खुर्च्यांवर. गाणारे गायचे, बोलणारे बोलायचे, आशीर्वाद झाला की पाच मिनिटांत हॉल रिकामा. आणि ही पोरं कोण? आपल्याच भागातली. नेवासा, श्रीरामपूर, गेवराई, परतूर इकडून आलेली, कुणी चाकणला कंपनीत शिफ्टवर, कुणी रांजणगावला, कुणी नर्सिंगला, चार-चार जण मिळून एक खोली करून राहतात. गावाकडं चर्चमधे सगळी मंडळी त्यांना नावानं ओळखत होती, इथं महिनोन्‌महिने येऊन शेजारच्या खुर्चीवरच्याचं नाव माहीत नसायचं. मला ते फार लागायचं. कमिटीनं आम्हा दोघांवर यूथचं काम टाकलं तेव्हा पहिल्यांदा हेच डोक्यात होतं.

तेव्हा मला आजोबांची आठवण झाली. ते सी.ई. सी.ई. म्हणायचे ना, ख्रिश्चन एंडेव्हर. मी मुद्दाम वाचून काढलं. 1881 साली अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंड गावी फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पाळकांनी आपल्या चर्चमधल्या तरुण पोरांसाठी ते सुरू केलं आणि थोड्याच वर्षांत जगभर पसरलं, आपल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांमधे पण आलं. त्यात सभासद व्हायचं तर एक वचन द्यावं लागायचं आणि त्यातली एक गोष्ट मला इतकी पटली की मी ती आमच्या मीटिंगमधे वाचून दाखवली: प्रत्येक प्रार्थनासभेत हजर राहायचं आणि गाण्याशिवाय आणखी काहीतरी भाग घ्यायचाच. म्हणजे नुसतं गाऊन चालणार नाही, बायबलमधलं वचन वाचा, प्रार्थना करा, देवानं आपल्यासाठी काय केलं याची दोन वाक्यं साक्ष द्या, पण तोंड उघडा. आजोबा चौथी शिकलेले पण चारचौघांत उभं राहून प्रार्थना करायचे ती धिटाई तिथूनच आली असणार असं मला वाटतं.

हॉलमधे हे जमेना. माइक आला की पोरं गप्प. म्हणून बाहेर पडलो. बाहेर माइक नाही, स्टेज नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे काम असतं. पाणी आणायचं असतं, चूल मांडायची असते, सतरंज्या, वाढणं, भांडी, आणि कामाला माणूस लागला की नाव विचारावंच लागतं. मागच्या महिन्यात तळेगावकडं इंदोरीच्या बाजूला मंडळीतल्या एका काकांच्या शेतावर गेलो होतो. आमच्यात परतूरकडचा एक मुलगा आहे, कधी एक शब्द बोलायचा नाही, यायचा, शेवटच्या रांगेत बसायचा, जायचा. त्या दिवशी मुलींनी भाकरी करायला घेतल्या आणि पहिलीच मोडली, दुसरी तव्यावर टाकताना फाटली, तेव्हा हा उठला, हात धुतले, पीठ जवळ ओढलं आणि असं मळलं ना आई, तळहाताच्या टाचेनं दाबून दाबून, मग परातीत थापत थापत गोल फिरवली आणि चुलीत लाकूड मागं सारून निखाऱ्यावर उभी केली, टम्म फुगली. खोलीवर चौघांचा स्वयंपाक तोच करतो म्हणे. सगळ्या पोरी त्याच्याभोवती उकिडव्या बसून शिकत होत्या आणि तो सांगत होता, पाणी कोमट घ्या, घाई करू नका. जेवणानंतर गोल बसून प्रार्थना झाली तेव्हा त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. त्याचे आई-वडील ऊसतोडीला गेलेत. त्यानं एवढंच मागितलं की प्रभू, थंडी वाढलीय, कोपीच्या झोपडीत त्यांना सांभाळ, आणि मुकादमाची उचल या वर्षी फिटू दे. बाबा, सगळे एकदम म्हणाले आमेन, आणि मला माहितीय की ते मनापासून होतं कारण त्यानंतर दर रविवारी कुणी ना कुणी त्याला विचारतं, घरचा फोन आला का, कसे आहेत. त्याला आता शेवटच्या रांगेत बसूच देत नाहीत.

आता उपासनेचं सांगते. आम्ही एक करतो त्याला पोरं अम्माऊस वॉक म्हणतात. लूकच्या 24 व्या अध्यायात ते दोघं शिष्य यरुशलेमहून अम्माऊसला चालत निघालेले असतात, बोलत बोलत, आणि येशू येऊन त्यांच्याबरोबर चालायला लागतो तरी त्यांना कळत नाही. तो अध्याय वाचायचा, मग चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, मुलींच्या मुलींबरोबर, मुलांच्या मुलांबरोबर, शक्यतो एकमेकांना कमी ओळखणारे, फोन पिशवीत टाकायचे आणि शेताच्या रस्त्यानं ठरलेल्या झाडापर्यंत जायचं. जाताना एकानं बोलायचं, येताना दुसऱ्यानं. ऐकणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही, परत आल्यावर फक्त एकमेकांसाठी प्रार्थना करायची, आणि ऐकलेलं तिथंच ठेवायचं. माझ्या चिठ्ठीत नर्सिंगची एक मुलगी आली होती, ती काय बोलली ते तुम्हाला पण सांगणार नाही, पण समोरासमोर खुर्चीवर बसवून विचारलं असतं तर ती कधीच बोलली नसती हे नक्की. चालताना एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, त्यामुळं जड गोष्ट सुद्धा निघते तोंडातून. मी तर पाळकसाहेबांना म्हटलं की समुपदेशन पण असंच करा.

त्याच रस्त्यावरून समोर भंडाऱ्याचा डोंगर दिसतो, जिथं तुकाराम महाराज चिंतनाला जाऊन बसायचे. एका मुलानं विचारलं, ताई, आपले टिळक म्हणायचे ना की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो? हो म्हटलं, कवी ना. वा. टिळकच. मग तिथंच झाडाखाली बसलो आणि मी टिळकांबद्दल जेवढं येत होतं तेवढं सांगितलं, 1895 चा बाप्तिस्मा, मग कित्येक वर्षं नगरला काढली, शेकडो भजनं लिहिली, अभंग, साकी, दिंडी, सगळं मराठी मातीतलं. मग म्हटलं चला एक गाऊया, आणि तिथं अडलं. शब्द निघाले फोनवर, पण चाल कुणालाच धड येईना. कुणी यूट्यूबवर लावलं तर त्याला मागं असा ठोका लावलेला की अभंग वाटेचना. मी दोन ओळी म्हटल्या तुमच्या चालीत, पुढं अंतरा मला पण नीट उचलता आला नाही. पोरं म्हणाली, ताई, हे शिकायचंय आम्हाला. बाबा, हे त्यांनी स्वतःहून म्हटलं.

केडगावला पण नेलं होतं त्यांना, पुणे-दौंड डेमूनं, स्वस्तात होतं आणि डब्यात गाणी म्हणत जाता येतं. मुक्ती मिशन बघितलं. पंडिता रमाबाईंचं नाव सगळ्यांना परीक्षेपुरतं माहीत होतं पण दुष्काळात सापडलेल्या मुलींना त्या स्वतः जाऊन घेऊन आल्या, त्यांना विणकाम, शेती, छपाई शिकवली, आणि रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्या बायकांनीच खिळे जुळवून छापलं हे ऐकल्यावर आमच्या पोरी एकदम गप्प झाल्या. परतीच्या गाडीत त्याच विषयावर बोलत होत्या. एक म्हणाली मला घरी सांगतात मुलींनी पुढं पुढं करू नये, आता मी केडगावचं सांगणार. मला तर वाटतं पाच रविवारच्या संदेशांनी जे झालं नसतं ते त्या एका दिवसात झालं.

आई, तुला काय काय विचारायचंय ते मला न विचारता माहीत आहे. पहिलं पाणी. जून 2025 मधे कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडून चार माणसं गेली, आणि त्याच्या आदल्या वर्षी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागं एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ते व्हिडिओ तू पण बघितलेस. आमचा नियम पक्का आहे, पावसाळ्यात बाहेर जायचंच नाही आणि एरवी सुद्धा नदी, धरण, धबधबा काही नाही, कितीही हट्ट केला तरी. दुसरं, मुलींचं. मुलींबरोबर कायम आम्ही दोघी-तिघी मोठ्या बायका असतो, अठराच्या आतल्या प्रत्येकाच्या घरून लेखी परवानगी घेतो, आणि कुणाही मोठ्या माणसानं कुणाही पोराला एकट्याला खोलीत घेऊन बसायचं नाही, पाळकसाहेबांनी सुद्धा नाही, त्यांनीच हा नियम केलाय. तिसरं, लोक काय म्हणतील. हल्ली बाहेर उघड्यावर प्रार्थना म्हटलं की कुणाला काहीतरी वेगळंच वाटतं, ते खरं आहे आणि मला पण काळजी असते. म्हणून जायच्या आधी सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटून सांगून येतो, किती जण येणार, कधी जाणार, स्पीकर लावत नाही, आणि आजूबाजूच्या शेतातल्या लोकांना चहाला बोलावतो. इंदोरीला तर शेजारच्या आजी मुलींना लसूण सोलून देत बसल्या होत्या आणि निघताना पोरांना पेरू दिले. लपवण्यासारखं काही करतच नाही तर उघडपणे करावं असं माझं मत आहे.

तर आता मुद्द्याचं. 24 जानेवारी शनिवार आणि 26 ला सोमवार, सुट्टी जोडून आलीय. शिरूरजवळ मंडळीतल्या एकांचं शेत आहे, ज्वारीची गुळभेंडी जात लावलीय, तेव्हा हुरडा बरोब्बर आलेला असेल. शेतातच राहायला दोन खोल्या आहेत, मुली आणि बायका आत, मुलं मांडवात. संध्याकाळी आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, आणि त्याच आगटीभोवती भजन. रविवारची उपासना शेतातच, पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन येणार आहेत. सोमवारी सकाळी झेंडावंदन गावच्या शाळेत, मुख्याध्यापकांना विचारून ठेवलंय, मग परत.

बाबा, त्या दोन संध्याकाळी मला तुम्ही हवे आहात. भाषण नको, संदेश पण नको, फक्त त्या पोरांमधे बसून भजनं शिकवायची. तुम्ही म्हणाल आवाज राहिला नाही, तर आवाज त्यांचा आहे, भरपूर आहे, त्यांना चाल हवीय आणि ठेका हवाय. तुम्ही म्हणता ती अंतऱ्यानंतर थांबायची जागा, टाळ कुठं उचलायचा, साकी म्हणताना शेवट कसा लांबवायचा, हे कुठल्या व्हिडिओत नाही. तुमच्या बरोबरीची भजनी मंडळातली किती माणसं राहिलीत आता? हे सगळं तुमच्याबरोबर घरातच राहिलं तर मला फार वाईट वाटेल, हे मी अगदी मनापासून लिहितेय. आणि तुम्हाला पण बरं वाटेल बाबा, तुम्ही बोलत नाही पण रिटायर झाल्यापासून समोर बसलेली पोरं तुम्हाला आठवतात हे आईनं मला सांगितलंय.

गुडघ्याचं टेन्शन घेऊ नका, खाली बसायचं नाही, खुर्ची आहे, संडास कमोडचा आहे, मी स्वतः बघून आले. पखवाज आणायचा नाही, इथं ढोलकी आहे, एका मुलाचा हात चांगला आहे, त्याला फक्त दिशा द्या. टाळ मात्र घरचेच आणा, त्यांचा नाद वेगळा आहे. आई, तू लसणाची चटणी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी करून आण, हुरड्याबरोबर लागेल, जास्त कर कारण ही पोरं खातात. आणि तुला साक्ष द्यायला कुणी उभं करणार नाही, पण पोरी तुझ्याजवळ येऊन बसतील तर त्यांना जवळ घे, घरापासून लांब आहेत ग त्या.

शनिवारी सकाळी नगरच्या तारकपूर स्टँडवरून पुण्याच्या एसटीत बसा, बाबांना पंचाहत्तरी झाल्यामुळं तिकीट लागणार नाही, आधार कार्ड तेवढं बरोबर घ्या, आणि आई तुझं अर्धं. शिरूर स्टँडवर मी आणि हे गाडी घेऊन उभे असू. बीपीच्या गोळ्या तीन दिवसांच्या जास्तीच्या घ्या, स्वेटर, कानटोपी, मफलर, शेतात रात्री चांगलंच गार पडतं. बाबांचा नातू विचारतोय की आजोबा येणार असतील तर मी कीबोर्ड आणू का, तुम्हीच सांगा त्याला.

आणि बाबा, कुठली भजनं घ्यायची ते या आठवड्यात कळवा. चार-पाचच निवडा. मी शब्द टाइप करून ग्रुपवर टाकते म्हणजे पोरांचे पाठ होतील आणि आगटीपाशी कुणाला फोन काढायला लागणार नाही.

तुमची लेक