चि. मृणालला, गोल कॅक्टसबद्दल

सातारा, १७ मे

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो मोठे करून पाहिले. झाड चांगलं आहे, कुंडी वाईट आहे. डोंबिवलीत पाऊस पोचायला जेमतेम तीन आठवडे उरलेत आणि त्याआधी कुंडी आणि माती दोन्ही बदलायला हवी. फोनवर अर्धं ऐकशील, म्हणून लिहून पाठवते.

आधी झाड कोणतं ते. ‘बॉल कॅक्टस’ या एकाच नावाखाली नर्सरीवाले चार-पाच वेगळी झाडं विकतात. लाल किंवा पिवळा गोळा हिरव्या तिधारी खोडावर बसवलेला असेल, तर ते कलम असतं. खालचं खोड ड्रॅगनफ्रूटच्या जातीचं असतं आणि वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य नसल्यामुळे तो खालच्याच्या जिवावर काही वर्षं जगतो. तुझं तसं नाही. निळसर हिरवं अंग, सरळ उभे कंगोरे आणि कंगोऱ्यांच्या कडेवर पिवळसर, केसांसारखे काटे, म्हणजे ही पॅरोडिया मॅग्निफिका. जुन्या पुस्तकांत हीच नोटोकॅक्टस मॅग्निफिकस म्हणून सापडेल. नीट सांभाळली तर बरीच वर्षं राहते, दहा-पंधरा सेंटिमीटर रुंद होते आणि बाजूला पिल्लं देते.

ती मूळची दक्षिण ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातली. तिथे वाळवंट नाही. गवताळ डोंगर, उघडे खडक आणि बारा महिने थोडाथोडा पाऊस. त्या राज्याच्या राजधानीत, पोर्तो आलेग्रेला, वर्षाला साधारण १४०० मिलिमीटर पडतो. म्हणजे ‘कॅक्टस आहे, पाणी चालत नाही’ हे हिच्या बाबतीत तरी खरं नाही. पण ती उगवते खडकांच्या उतारावर, जिथे पाणी मुळांवरून वाहून जातं आणि लगेच वारा लागतो. तुमच्याकडे त्याहून कितीतरी जास्त पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि त्या काळात हवा इतकी दमट की कुंडी वाळतच नाही. मुळं भिजण्यानं सडत नाहीत, आठवडाभर ओली राहिली की सडतात. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मेलेल्या मुळांतून बुरशी वर चढते. पुढचं सगळं एवढ्यासाठीच आहे.

तुझी चिनी मातीची कुंडी सुंदर आहे, पण तिला भोक नाही. त्यात पेन ठेव. चार इंची साधी मातीची कुंडी आण, न रंगवलेली. झाड सहा सेंटिमीटरचं दिसतंय, त्यामुळे याहून मोठी नको. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती मुळं पोचण्याआधी पाणी धरून बसते. विकत घेताना खालचं भोक बोटानं तपास, रस्त्यावरच्या कुंड्यांत ते कधी कधी मातीनं बुजलेलं असतं. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवला की पुरे. निचऱ्यासाठी तळाला खडीचा थर द्यायची पद्धत आहे, ती करू नकोस. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, आणि ओला पट्टा उलट वर, मुळांच्या जवळ सरकतो.

मातीचं माप चहाच्या कपानं घे. दीड कप विटेचा चुरा, एक कप जाड वाळू, अर्धा कप चाळलेलं गांडूळखत आणि चमचाभर लिंबोळी पेंड. चुरा हरभऱ्याच्या डाळीएवढा किंवा थोडा लहान हवा. तो जुन्या चाळणीतून चाळून पूड पूर्णपणे काढून टाक. पूड राहिली तर तीच पोकळ्या बुजवते आणि सगळी मेहनत वाया. विटा मिळाल्या नाहीत तर पर्लाईट, म्हणजे नर्सरीत मिळणारे पांढरे सच्छिद्र दाणे, चालेल, फक्त ते हलकं असल्यामुळे पाणी देताना वर तरंगतं. वाळू बांधकामाची, दोन-तीनदा धुतलेली. चौपाटीची आणू नकोस, तिच्यात मीठ असतं. इथली काळी माती पाठवू का असं बाबा विचारत होते, त्यांना नको म्हटलं. ती पाण्यानं फुगते, धरून ठेवते आणि वाळली की दगड होते.

आता काढायचं कसं. आत्ता आहे त्या कुंडीत पाणी देऊ नकोस, कोरडी असतानाच झाड काढ. वर जे पांढरे खडे दिसतायत ते डिंकानं चिकटवलेले आहेत. ते पेचकसानं कडेपासून उचकट, झाडाच्या बुंध्याला धक्का लावू नकोस. वर्तमानपत्राची चार पदरी पट्टी करून झाडाभोवती गुंडाळ आणि ती धरून उचल. मऊ वाटले तरी काटे बोटात शिरतात. शिरलेच तर चिकटपट्टी दाबून ओढ, चोळू नकोस.

मुळांभोवती तपकिरी भुसा असेल, तो कोकोपीट. नर्सरीला तो सोयीचा, हलका आणि स्वस्त. घरात मात्र एकदा पूर्ण वाळला की पाणी आत घेत नाही, कडेनं वाहून जातं, आणि एकदा भिजला की सोडत नाही. पेन्सिलीच्या टोकानं तो सगळा मोकळा कर. मधोमध बहुतेक जाळीची किंवा स्पंजची छोटी पिशवी सापडेल, तीही कापून काढ. मुळं आतून गुंतली असतील तर थोडी तुटतील, त्याची काळजी नको. पांढरट आणि ताठ मुळं जिवंत. तपकिरी, ज्यांची साल ओढल्यावर निसटते ती मेलेली, ती कात्रीनं काढ. मग झाड चार-पाच दिवस सावलीत, कागदावर तसंच उघडं ठेव. भीती वाटेल, पण त्याला काही होत नाही, आणि तुटलेल्या जागा सुकल्याशिवाय मातीत घातलं तर सड तिथूनच सुरू होते.

लावताना माती कोरडी ठेव. हिरवा भाग मातीत जाऊ देऊ नकोस, बुंधा मातीच्या बरोबरीनं राहू दे आणि वर सेंटिमीटरभर बारीक खडी पसर, न चिकटवता. त्यामुळे बुंधा कोरडा राहतो. पहिलं पाणी झाड लावल्यानंतर सहा-सात दिवसांनी. आज काढलंस तर बावीस तारखेला लावशील, एकोणतीसच्या सुमारास पाणी. हे पाणी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातलं एक, एवढ्यात नवी मुळं धरतील. ढग जमायला लागले की हात आखडता घे.

पाणी देताना घोटभर द्यायचं नाही. खालून वाहेपर्यंत द्यायचं, बशीतलं दहा मिनिटांत ओतून टाकायचं आणि मग माती तळापर्यंत वाळू द्यायची. वरून कोरडं दिसतं म्हणून फसू नकोस. जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी कडेनं तळापर्यंत खुपस, पाच मिनिटांनी काढ. काळपट, गार लागली तर थांबायचं. तुझ्याकडे स्वयंपाकाचा वजनकाटा आहे, तो त्याहून बरा. पाणी देऊन निथळल्यावर कुंडीचं वजन लिहून ठेव आणि दहा दिवस रोज बघ. वजन कमी व्हायचं थांबलं की माती वाळली. तो दुसरा आकडा कुंडीवर खडूनं लिही, पुढे विचारायला नको.

तुमच्याकडच्या हवेत मार्च ते मे साधारण आठ-दहा दिवसांनी पाणी लागेल, ऑक्टोबरातही तेवढंच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंधरा-वीस दिवसांनी. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, तेही दोन-तीन दिवस उघाड असेल तेव्हा सकाळी. पूर्ण बंद करू नकोस, ही वाळवंटातली नाही, महिनोन् महिने ठणठणीत कोरडी राहिली तर बारीक मुळं मरतात. तहानलेली असली की कंगोरे पेटीच्या भात्यासारखे मिटतात आणि पाणी मिळालं की दोन-तीन दिवसांत उघडतात. माती ओली असूनही मिटलेलेच राहिले, तर मुळं गेलीत असं समज. त्या वेळी लोक घाबरून आणखी पाणी घालतात आणि झाड तिथेच संपतं.

नळाचं पाणी चालेल. टँकर आला तर त्या पाण्यानं मातीवर पांढरी खपली येते, हिला ते आवडत नाही. आरओ मशीनचं बाहेर पडणारं पाणी झाडांना घालायची तुमच्या बिल्डिंगीत पद्धत असेल, हिला घालू नकोस, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. पावसाचं पाणी बाटल्यांत भरून ठेवलंस तर उत्तम.

उजेडाचं थोडक्यात. तुझी खिडकी पश्चिमेची, सकाळचं ऊन नाही. आत्ता दुपारी दोननंतरचं ऊन काचेतून थेट पडलं तर अंगावर पांढरट-तपकिरी डाग पडतील आणि ते कधी भरून येत नाहीत. पाऊस सुरू होईपर्यंत पातळ पांढरा पडदा लाव, नंतर काढून टाक आणि कुंडी काचेला लागून आत ठेव. ग्रिलमध्ये नाही, तिथे झड येते आणि वरच्या एसीचं पाणीही टपकतं. टेबलावर, खिडकीपासून चार-पाच फुटांवर ठेवलंस तर दोन महिन्यांत शेंडा निमुळता आणि फिकट होईल. पुढे उजेड मिळाला तरी तो आकार तसाच राहतो. दर पंधरा दिवसांनी कुंडी पाव फिरव. कळी दिसल्यावर मात्र फिरवायचं थांब.

खत हा शेवटचा विषय आहे, लोक तो पहिला काढतात. १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं, लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, फेब्रुवारी ते मे आणि ऑक्टोबर. यंदा गांडूळखत घातलंय, तर ऑक्टोबरपर्यंत नाव काढू नकोस. जास्त नत्रानं अंग पटापट फुगतं आणि साल तडकते. फुलं पिवळी, पाचेक सेंटिमीटरची, शेंड्यावर येतात आणि उन्हात उघडतात. तुझी अजून लहान आहे, दोन-तीन वर्षं वाट पाहा. फोटोतलं गुलाबी फूल गरम गोंदानं चिकटवलेलं वाळकं फूल आहे. ओढू नकोस, कात्रीनं बुडाशी काप. उरलेला गोंद वाढीबरोबर बाजूला जाईल.

बिघडलं तर काय बघायचं. बुंधा तपकिरी झाला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकानं दाबल्यावर कडक लागला, तर ते वयाचं आहे, सोडून दे. मऊ लागला तर सड. त्याच दिवशी झाड काढ, सुरी स्पिरिटनं पूस आणि खालून पातळ चकत्या काप. मधल्या गोल कड्यात एकही तांबूस ठिपका उरता कामा नये. प्रत्येक चकतीनंतर सुरी पुन्हा पूस. स्वच्छ भागाला शेतीच्या दुकानातली गंधकाची पूड लाव, दहा दिवस सावलीत सुकव आणि कोरड्या विटेच्या चुऱ्यावर नुसतं ठेव. महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात. भर पावसाळ्यात हे जमायची शक्यता कमी, हे आधीच सांगून ठेवते.

शेंड्याच्या लोकरीत किंवा कंगोऱ्यांच्या खाचेत कापसाचे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण, तुमच्या भाषेत मिलीबग. शेंड्याची लोकर मुळातच पांढरी असते, म्हणून भिंगानं बघ, पाय हलताना दिसले तर नक्की. इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून फक्त किड्यावर टेकव, संध्याकाळी, दर आठवड्याला, तीनदा. अंगावर चोळलंस तर निळसर मेणाचा थर निघून जाईल. झाड उगाच खुरटलं आणि वर काही दिसत नसेल तर उपटून मुळं बघ, तिथेही तोच पांढरा किडा असतो. तसं असेल तर मुळं धुऊन, सुकवून सगळी माती नवी. उन्हाळ्यात शेंड्याजवळ गंजासारखा रंग चढला तर लाल कोळी, त्याला सकाळी पाण्याचा फवारा आणि वारा.

आजीचं म्हणणं, काटेरी झाड घरात नको. तिला मी समजावलंय, तू त्यात पडू नकोस.

गणपतीला येशील तेव्हा रूममेटला ‘झाडाला पाणी घाल’ असं सांगून निघू नकोस. दहा-बारा दिवसांत त्याला काहीच लागत नाही. ती रोज घालेल.

तुझी,
आई