फेकायचीच तर पिशवी फेका, सुरी नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलींच्या स्वसंरक्षणावर अर्धे पान मजकूर होता. बराचसा पटला. पण शेवटच्या चौकटीत जवळ बाळगायच्या वस्तूंची जी यादी दिली आहे, तिच्यात 'फेकायच्या छोट्या सुऱ्यांचा संच' हे शब्द वाचले आणि चहाचा कप खाली ठेवला. कारण तसलाच एक संच त्या वेळी आमच्या पडवीत केरसुणीशेजारी पडला होता.

मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईहून नातू आला. यंदा बारावीला आहे. येताना ऑनलाइन मागवलेल्या तीन सुऱ्या घेऊन आला. काळ्या, सबंध लोखंडाच्या, मुठीला ना लाकूड ना प्लास्टिक. टोक अणकुचीदार, धार जवळजवळ नाहीच. "आजोबा, ह्या ताईसाठी. ती रात्री उशिराच्या लोकलने येते ना!" ताई म्हणजे माझी थोरली नात, ठाण्याला नोकरी करते. धाकट्याला बहिणीची काळजी वाटते याचा मला आनंदच आहे, म्हणून आल्या आल्या ओरडलो नाही. शिवाय मी 31 वर्षे हायस्कूलमध्ये पी.टी. शिकवली. गोळा, थाळी, भाला, चेंडू, सगळे पोरांकडून फेकून घेतले. तेव्हा म्हटले, बघू तरी.

पहिल्या दिवशी स्वारीने लक्ष्य म्हणून निवडला दारातला माड. दोन सुऱ्या आपटून खाली पडल्या, तिसरी रुतली आणि स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, "अरे, माडाक घाव घालतंस? सोंड्यो लागतलो त्येका!" आजीचे खरे आहे. माडाच्या खोडाला झालेली जखम आंब्याफणसासारखी भरून येत नाही, आणि ताज्या घावाच्या वासावर सोंड्या भुंगा येऊन तिथे अंडी घालतो. अळ्या आतून खोड पोखरतात, बाहेर कळते तेव्हा झाड गेलेले असते. विषय सोडून बोलतोय, पण हे वाचून कोणी आपल्या माडावर नेम धरू नये म्हणून सांगितले.

मग मागीलदारी फणसाखाली सावरीचा एक जुना ओंडका उभा केला. चौथ्या दिवशी पोराला बऱ्यापैकी जमू लागले. जमिनीवर चपलेने रेघ मारलेली, त्या रेघेवरून दहातल्या सहा सुऱ्या रुतायच्या. गडी खूश. मी म्हटले, "आता एक पाऊल पुढे ये आणि मार." दहातली एकही रुतली नाही. कुठे मूठ आपटली, कुठे सुरी आडवी लागली. एक तर उलटी उसळून त्याच्याच पायापाशी आली.

यात पोराची चूक नाही. हातातून सुटलेली सुरी हवेत कोलांट्या खात जाते. ठरावीक अंतरावर टोक पुढे असते, त्याच्या हातभर अलीकडे किंवा पलीकडे टोक आकाशाकडे. खेळ म्हणून सुरी फेकणारे लोक अंतर मोजून, लाकडी चकतीसमोर उभे राहतात आणि अंतर बदलले की पकड बदलतात. सुरी फिरू न देता फेकायचीही एक पद्धत आहे, पण तिला फार सराव लागतो. अंगावर येणारा माणूस काही रेघ मारून उभा राहत नाही. पाव सेकंदात तो पाऊलभर पुढे आलेला असतो.

भालाफेकीचे उदाहरण देतो. भाला हे मुळात टोकावर पडावे म्हणूनच घडवलेले साधन, पुरुषांचा 800 ग्रॅमचा, अडीच मीटरहून लांब. तोसुद्धा मैदानावर आडवा पडायचा आणि पंचांची भांडणे व्हायची. त्यातच 1984 साली पूर्व जर्मनीच्या उवे होनने 104.80 मीटर फेक केली (हेच होन पुढे आपल्या नीरज चोप्राचे प्रशिक्षक झाले). तेव्हा मैदान अपुरे पडते की काय अशी धास्ती पडली, आणि 1986 मध्ये भाल्याचा गुरुत्वमध्य 4 सेंटिमीटर पुढे सरकवला. तेव्हा कुठे तो नीट टोकावर पडू लागला. जगातल्या उत्तम फेकणाऱ्यांच्या हातात, धावपट्टीवर, दिवसाढवळ्या ही गत. मग रात्री रेल्वेच्या पुलावर घाबरलेल्या मुलीच्या हातून वीतभर सुरी टोकावरच लागेल, हे कोणत्या हिशेबाने?

आपल्याकडे गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, त्या पाहणाऱ्याला तर हे सांगायलाच नको. तीन स्टंप, 28 इंच उंच, मिळून 9 इंच रुंद, जागचे हलत नाहीत. वर्षभर फेकण्याची सवय असलेला पोरगा दहा पावलांवरून रनआउट चुकवतो आणि आम्ही सगळे कपाळावर हात मारतो.

तरी नातवाचे समाधान होईना. मग एका गोणपाटात नारळाची सोडणे भरली, आंब्याच्या फांदीला दोरीने टांगले, मागे ओढून त्याच्या दिशेने सोडले आणि म्हटले, हा समज चोर. वीस वेळा सोडले. दोनदा टोक लागले, त्यातले एकदा लागून गळून पडले. सोडणांनी भरलेल्या गोणपाटाची ही कथा, आणि त्याने तर अंगात शर्टही घातला नव्हता, जाड जाकीट तर लांबच.

नात शनिवार-रविवारला आली, तिने वेगळाच मुद्दा काढला. म्हणाली, "आजोबा, मुळात ती पर्समधून बाहेर तर यायला हवी!" तीही परीक्षा घेतली. तिची रोजची पर्स, त्यात एक सुरी. ती पडवीच्या पायरीवर, मी तुळशीपाशी, मध्ये वीसेक फूट खळे. चेन उघडून, छत्री, डबा, चार्जर बाजूला सारून सुरी तिच्या हाती येईपर्यंत मी तिच्या पुढ्यात उभा होतो. धावत नव्हे, चालत. माझे वय 68, उजवा गुडघा कामातून गेलेला. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी 1983 साली लिहून ठेवले की धावणारा माणूस 21 फूट साधारण दीड सेकंदात कापतो. पिस्तूल कमरेला असलेल्या शिपायालाही तेवढा वेळ कसाबसाच पुरतो. तिथे पर्सच्या चेनची काय कथा!

आणि समजा सुरी निघाली, फेकली, चुकली. मग? आपला हात रिकामा आणि सुरी त्याच्या पायाशी. पूर्वीच्या लोकांना हे नेमके ठाऊक होते. मराठ्यांच्या शस्त्रांत विटा म्हणून एक भाला आहे. त्याला दोरी असते आणि दोरीचे दुसरे टोक मनगटाला बांधतात, म्हणजे फेकला तरी ओढून परत घेता येतो. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात आजही तो पाहायला मिळतो. इतके लांब कशाला, आमच्या खाडीत पाग (हाताने फेकायचे मासेमारीचे जाळे) टाकणाऱ्याला पाहा. पाग असा गोल उघडतो की बघत राहावे, पण त्याची दोरी आधी मनगटाला बांधलेली असते. फेकण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस दोरीशिवाय काही पाण्यात टाकत नाही.

बंदरावर मासे विकणाऱ्या एका बाईंची गोष्ट सांगतो, नाव देत नाही. चार-पाच वर्षांपूर्वी संध्याकाळी पाटी घेऊन परतताना वळणावर एका झिंगलेल्या माणसाने त्यांना अडवले. पाटीत मासे कापायची सुरी होती, चांगली धारेची. बाईंनी ती हातात घेतली नाही. डब्यात बर्फाचे, बांगड्यांच्या रक्ताचे पाणी उरले होते ते सगळे त्याच्या तोंडावर भिरकावले, मागोमाग रिकामा डबाही, आणि बोंब ठोकत वरच्या वाडीकडे पळाल्या. तो डोळे पुसत राहिला. नंतर मी विचारले, सुरी का नाही मारली? तर म्हणाल्या, "सुरी मारून काय करतलंय? लागली नाय, तर तोच ती उचलून माझ्यार येतलो!" पुरवणीतल्या सबंध अर्ध्या पानापेक्षा मला हे वाक्य मोलाचे वाटते.

म्हणजे फेकू नये असे माझे म्हणणे नाही. फेकावे, पण दुखापत करायला नव्हे, एक-दोन सेकंद मिळवायला. तोंडाच्या दिशेने काहीही आले की माणूस डोळे मिटतो, हात वर करतो, मान वळवतो. ते सेकंद पळायचे. म्हणून फेकायची वस्तू अशी हवी जी गमावली तरी चालेल, जी आधीच हातात आहे आणि जी कुठल्याही बाजूने लागली तरी लागते. पाण्याची स्टीलची बाटली, जेवणाचा डबा, किल्ल्यांचा जुडगा (घराची किल्ली त्यात नसली तर बरे), मूठभर रेती, सबंध पर्ससुद्धा. चोराला पर्सच हवी असेल तर ती दूर एका बाजूला फेकून आपण दुसऱ्या बाजूला पळावे. स्कूटरचे हेल्मेट मात्र फेकू नये, पट्टा धरून हातातच ठेवावे, ढाल म्हणून.

चौकटीत मिरचीपूडही सुचवली आहे. लिहिणाऱ्याने किनाऱ्यावर दुपारनंतर कधी मिरचीपूड उडवून पाहिलेली नसावी. समुद्रावरचा वारा तोंडावर असला तर ती फेकणाऱ्याच्याच डोळ्यांत. पावसाळ्यात तर पुडीचा गोळा झालेला असतो, इथे बरणीतल्या मसाल्याला गाठी होतात तिथे पर्समधल्या पुडीचे काय!

गावातल्या कुत्र्यांना दगड क्वचितच लागतो. दगड उचलायला माणूस नुसता वाकला तरी कुत्रे मागे सरते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. माणसांच्या बाबतीत वाकण्यापेक्षा ओरडणे बरे.

आता कायद्याचे. शस्त्र अधिनियम, 1959 खालच्या नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची सुरी, घरकामाची-शेतीची सोडून, शस्त्रांत धरली आहे. फेकायच्या सुऱ्या बहुधा त्याहून लहान, म्हणून विकणारे निर्धास्त. पण सणासुदीला आपल्याच दैनिकाच्या आतल्या पानावर मनाई आदेश छापून येतो, तो महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खालचा. त्यात सुऱ्या, सोटे, भाले तर आहेतच, शिवाय दगड आणि फेकून मारायची साधने बाळगणेही आहे. त्या दिवसांत पर्समध्ये सुऱ्यांचा संच सापडला तर 'स्वसंरक्षणासाठी' हे उत्तर पुरेल का? दुसरे, भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिची कलमे 34 ते 44 खाजगी बचावाचा हक्क देतात, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याचा हक्क देत नाहीत. चार मीटरवर उभ्या असलेल्या किंवा पाठ फिरवून पळणाऱ्या माणसाला सुरी लागली, तर पहिला प्रश्न हाच येणार की एवढे अंतर होते तर तुम्ही निघून का गेला नाहीत? वकिलांनी यावर अधिक लिहावे.

पुढच्या पुरवणीत ती चौकट दुरुस्त करून छापावी, 112 हा क्रमांक ठळक द्यावा आणि एक गोष्ट जोडावी. मुलींना चेंडू फेकायला शिकवा. माझ्या नोकरीच्या काळात मुलींचा पी.टी.चा तास परीक्षा जवळ आली की गणिताला जायचा, आणि तो मीच मुकाट्याने द्यायचो. परिणाम असा की दहावीपर्यंत शिकलेल्या किती तरी मुली कोपर छातीशी धरून फेकतात, वस्तू सहा फुटांवर पडते. रोज वीस फेका आणि तुळशीपासून गडग्यापर्यंत एक धाव, एवढे दोन महिने केले तर सुऱ्यांच्या संचापेक्षा नक्की स्वस्त पडेल. नातीने सुरू केले आहे, ठाण्याच्या गच्चीवर किती टिकते ते पाहायचे.

नातू सुऱ्या इथेच ठेवून गेला. खेळ म्हणून खेळेन म्हणाला, त्याला माझी ना नाही. फक्त ओंडक्यामागे कुणी नसावे आणि पायात बूट असावेत. तीनांतल्या दोनच सुऱ्या सापडल्या आहेत. तिसरी फणसाखालच्या पातेऱ्यात कुठे तरी आहे. पाऊस लागायच्या आत ती मिळेपर्यंत मागीलदारी अनवाणी जायचे नाही, असा आजीचा हुकूम आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)