पायऱ्यांच्या खाचरांत पलटी नांगर चालवताना

सभासदांनो, गटाचा पलटी नांगर (माती पाडायची बाजू बदलता येते असा) नेण्यापूर्वी हे वाचा. पहिलं तास (नांगराची सरी) डोंगराकडच्या अंगाला घ्या आणि प्रत्येक वळणावर पंख (माती उलटवणारं पातं) पलटून माती वरच्याच बाजूला पाडा. साधा नांगर गोल फिरवला की निम्मी माती बांधाकडे सरकते, आतल्या अंगाला मुरूम उघडा पडतो.

खोली 4 ते 5 इंच पुरे. जास्त गेलात तर खालचा घट्ट थर फुटून पाणी झिरपतं. फाळ (नांगराचं लोखंडी टोक) वर येत असेल तर रुमण्यावर (नांगराच्या मुठीवर) लोंबकळू नका, जू एक खाच बैलांकडे सरकवा. बांधालगत हातभर जागा कुदळीनेच खणा.

पंखाची खीळ हरवली तर तार बांधू नका (दरवर्षी कोणीतरी बांधतंच!). तार वळणावर तुटते, पंख अर्ध्यात लटकतो. नांगर परत करताना फाळ धुऊन, तेल लावून द्या.